कानामागची गोचीड

आमच्या घरी बकरी होती, हे बाबा चारचौघांत कधी कबूल करत नसत. नंदनवन वस्तीतल्या नव्या घरात ती मागच्या अंगणात बांधलेली असायची. धाकट्या भावाला दूध हवं म्हणून आईने हट्टाने आणलेली. बाबा तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. लहानपणी गावात आजोबांबरोबर त्यांना मेलेली ढोरं ओढायला जावं लागे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ते काम घराने कायमचं सोडलं. पुढे शहरात कारकुनी मिळाली, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आला. त्या शर्टाला बकरीचा वास लागला तर बाबा घर डोक्यावर घेत.

मी मात्र शाळेतून आले की बकरीच्या गळ्यात पडलेली. सातवीत असताना मला सणकून ताप भरला. मनगटांवर, घोट्यांवर लाल पुरळ उठलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "माता आली वं पोरीले. दवाखान्यात नका नेऊ, दाराले कडुनिंब लावा."

"आमच्या घरी माता-बिता येत नाही!" बाबा कडाडले आणि मला रिक्षात घालून सरळ मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तेवढ्या तापातही मला त्यांचा अभिमान वाटला.

डॉक्टरांनी माझे तळहात, तळपाय निरखून पाहिले. "घरी काही जनावर आहे का? गाय, बकरी, कुत्रं?"

"नाही साहेब," बाबा म्हणाले. "आमचा जनावरांशी काही संबंध नाही."

हे त्यांनी इतकं ठासून सांगितलं की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. दुसराच कुठला ताप समजून औषध सुरू झालं. आई पदराचं टोक दातांत धरून उभी होती. मला वाटलं, बरं झालं, बकरीचं नाव नाही निघालं. मलाही ती लाज घरूनच मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी मी बरळायला लागले. आईला ओळखेना. डॉक्टर फेरीवर आले तेव्हा आई सगळ्या वॉर्डादेखत म्हणाली, "साहेब, घरी बकरी हाय. पोरगी तिच्याच संगं राहते. बकरीच्या कानात गोचिड्या हायेत."

डॉक्टरांनी माझे केस बाजूला केले. कानामागे काळी खपली होती.

"गोचीड चावल्याचा ताप आहे हा. काल का नाही सांगितलं? पोरगी हातची गेली असती!"

बाबांनी मान वर केली नाही. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक त्यांच्याकडे टक लावून बघत होते. औषध बदललं आणि ताप हळूहळू उतरला. हे सगळं आईने मला मागाहून सांगितलं, तेही बाबा घरात नसताना.

मी घरी आल्यावरच्या रविवारी बाबांनी बकरी सोडली आणि पुढच्या अंगणात, अगदी रस्त्यासमोर आणून बांधली. बनियनवर उकिडवे बसून ते तिच्या कानातली एकेक गोचीड चिमट्याने काढून घासलेटच्या वाटीत टाकू लागले. येणारे-जाणारे थबकून बघत होते. मी दारात बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तिले मागं न्या ना. लोक पाहून राहिले."

"पाहू दे," ते मान खाली घालूनच म्हणाले. "माझ्या लाजेपायी तू मरून राहिली होती वं."

 मी उठले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.