आकडीच्या गाठी

दवाखान्यातले किस्से मिक्श्चरसारखे बाटलीच्या तळाशी बसतात. जरा हलवलं की वर! मालवणात मी इतकी वर्षं कंपाउंडर आहे, पण काशीआजीने डॉक्टरांना जेवढं छळलं, तेवढं कुणी नाही. गोष्ट जुनी, गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची.

आजीची नात मंदा जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी आखडली. डोळे एका बाजूला, डावा हात सारखा झटके देतोय! आजी होडीने खाडी ओलांडून आली ती बाळाच्या मुठीत लोखंडी चावी खुपसूनच. इंजेक्शनने झटके थांबले. डॉक्टर चावी काढायला गेले तर म्हणते, "ऱ्हवांदे! तुमचा औषद चावयेमुळाच लागला!"

*

"पोर शानी होतली मां?"

"आत्ताच सांगता येणार नाही, आजी. काही मुलं अगदी ठीक होतात, काहींची आकडी परत येते, काही मागे पडतात. बोलायला लागली की कळेल."

"मुंबैत इतकी वर्सा शिकलास, आणि कायच म्हायत नाय?"

पुढे दर आठवड्याला हाच प्रश्न, हेच उत्तर आणि हाच शेरा!

*

डॉक्टर म्हणाले, दर आकडीला दोऱ्याला एक गाठ मारा. पुढच्या खेपेला दोरा आला. चाळीस गाठी! डॉक्टरांचा चेहराच उतरला. डोस वाढवायला पेन उचललं, तेवढ्यात मी विचारलं, "आजी, इतक्या?"

"खऱ्यो दोनच. बाकीच्यो उचकेच्यो!"

*

डॉक्टरांनी फरक शिकवला: हलणारा पाय हलकेच धरा, थांबला तर साधी थरथर, नाही थांबला तर आकडी. झालं! एका बारशात आजी पाळण्यातल्या पोराचे पाय सोडेचना.

"थांबा गो, माका तपासूंदे!"

नाव ठेवायचं खोळंबलं!

*

मग आजीने देवाला कौल लावला. उजवं फूल पडलं.

"म्हणजे देवाचा होकार! मग मला कशाला विचारता?" डॉक्टर कावले.

"देवान होय म्हणान सांगल्यान. पण कधी, ता तुमी सांगा!"

*

हळूहळू गाठी थांबल्या, औषध बंद झालं. पण मंदा तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. आजीनेही विचारणं सोडलं. त्याचाच आम्हाला जास्त त्रास व्हायला लागला.

एका सकाळी आजी तिला घेऊन आली, बाकावर बसली. डॉक्टरांनी खिडकीतला कावळा दाखवला. "मंदा, तो कोण?" गप्प. बाटली दाखवली. "हे काय?" गप्प. स्वतःचं नाक धरलं. "आणि हे?" गप्प.

डॉक्टरांनी मान खाली घातली. आजीने पदर डोळ्यांना लावला.

मंदाने डॉक्टरांना नीट निरखून पाहिलं, मग आजीचा पदर ओढला.

"आजये, ह्येका कायच म्हायत नाय?"