कड खाल्लेलं नाणं

लोकांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. सुप्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. प्रेसमधून पत्र्याचे ब्रॅकेट पडतात, मी एकेक हातात घेतो, कडेवरून नख फिरवतो आणि बर लागली की तो रिजेक्टच्या लाल पेटीत टाकतो. (पत्रा कापल्यावर कडेला जी बारीक धारदार किनार उभी राहते, ती बर. बोट कापतं.) अकरा वर्षं हेच करतोय. अडचण एवढीच की शिफ्ट सुटली तरी माझं नख सुटत नाही. आमटीतलं मीठ, शेजाऱ्याच्या गाडीचं चाक, कुणाच्या लग्नपत्रिकेतलं आडनाव, सगळीकडे ते आपोआप जातं. जित्याची खोड, दुसरं काय.

अशा माणसाला छंदही तसलाच लागायचा. मी टांकसाळीत चुकलेली नाणी जमवतो. ठसा एका बाजूला सरकलेलं, दोनदा ठसा बसलेलं, एक बाजू कोरीच राहिलेलं. सुट्टे पैसे मिळाले की मी जागेवरच चष्मा लावून ती तपासायला बसतो, त्यामुळे नाक्यावरचा चहावाला मला हल्ली सुट्टे देतच नाही, उद्याच्या चहात धरू म्हणतो. संगीताचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणणं असं की चांगली नाणी खर्च करून खराब साठवणारा माणूस तिने माहेरी-सासरी कुठेच पाहिलेला नाही.

या खजिन्याचा राजा होता एक पाच रुपयांचा. त्याच्या कडेचा अर्धचंद्राएवढा घास कुणी खाल्ल्यासारखा गायब होता. आमच्याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सुट्ट्यांत मिळाला. टांकसाळीत पत्रा पुढे सरकायला चुकला की आधीच्या भोकावरच पुढचा घाव पडतो आणि असं नाणं तयार होतं, हे व्याख्यान मी घरी आलेल्या प्रत्येकाला दिलेलं आहे (गॅसची टाकी पोचवणाऱ्यालासुद्धा). घामाचा डाग पडू नये म्हणून मी त्याला बोट लावत नसे, चिमट्याने उचलत असे. आणि चोराचा हात पोचू नये म्हणून ते ठेवलं होतं देवघरात, हळकुंड-सुपारीच्या डबीत. एवढी अक्कल मला कुठून सुचली, देव जाणे!

आता मीराआक्काचं सांगतो. ती संगीताची थोरली बहीण, राहात्याला असते. तिचे यजमान भाऊसाहेब माझे साडू, त्यांचं गेट-ग्रिलचं वेल्डिंगचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घर बांधलं. वास्तुशांतीला पंगत बसलेली असताना मी गवंड्याच्या पिशवीतून ओळंबा काढला, दाराच्या चौकटीला लावला आणि चौकट बोटभर कललीय, असं शंभर माणसांत जाहीर केलं. ती चौकट भाऊसाहेबांनी स्वतःच्या हाताने बसवली होती. त्या दिवसापासून दोन बहिणींचं बोलणं बंद. संगीता रोज मीराआक्काच्या नंबरपर्यंत जायची आणि फोन खाली ठेवायची. मला काही बोलायची नाही, तेच जास्त लागायचं.

शेवटी एका रविवारी आक्का आणि भाऊसाहेब आपण होऊन जेवायला आले. बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी दिवसभर तोंड फक्त जेवायला उघडलं. निघताना संगीताने आक्काची ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नाणं. गाडी गेली. संध्याकाळी दिवा लावताना मी सहज डबी उघडली आणि माझं धाबं दणाणलं. घाईघाईत तिने हळकुंड उचललं, सुपारी उचलली, आणि शेजारचं नाणं ओटीसाठीच ठेवलेलं असणार म्हणून तेही उचललं होतं.

ओटीतली वस्तू परत मागतात का कुठे? संगीताला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला आणि बजावलं, "मागायचं न्हाई. आक्का आत्ता कुठं बोलायला लागलीय. माझी शप्पथ हाय तुमाला." पण आक्का ओटीचे तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवते, हे मला ठाऊक. म्हणजे उद्या तांदूळ चुलीवर आणि माझा राजा किराणावाल्याच्या गल्ल्यात. आक्काचा डबा आमच्याकडे राहिला होता. सकाळी सुट्टी टाकली, डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरून घेतले (रिकामा डबा परत देत नाहीत, एवढं मलाही कळतं), खिशात एक धडधाकट पाचचं नाणं टाकलं आणि मोटारसायकलवरून अडीच-तीन तासांचं राहाता गाठलं. डबा द्यायला!

बेत सोपा होता. आक्का चहा टाकायला आत गेली की देवाच्या पाया पडायचं निमित्त करायचं आणि अदलाबदल करायची. गेलो. देवापुढे ताटात ओटी तशीच होती. एका हाताने नमस्कार चालू ठेवला आणि दुसरा तांदळात घातला. नारळ गडगडत कोपऱ्यात गेला, सुपारी हाताला लागली, हळकुंड लागलं, नाणं काही लागेना. मनगटापर्यंत तांदळात असताना पाठीमागून भाऊसाहेब म्हणाले,

"पाव्हनं, देव आमचा हाय, पन काय लागतं ते मागा की. लाजू नका."

आक्का चहा घेऊन दारातच थांबली. त्याच क्षणी नाणं माझ्या बोटांना सापडलं. (नेहमीचंच!) लपवायला जागा नव्हती. आक्काने ते माझ्या हातातून घेतलं, उजेडात धरलं आणि तिचा चेहरा उतरला. खंडित वस्तू कोणी ओटीत घालत नाही.

"संगीनं मला तुटकं नानं घातलं?" ती हळूच म्हणाली. "म्हंजे मनात अजून हायच म्हनायचं तिच्या."

आगीतून निघून मी फुफाट्यात पडलो होतो. माझ्या नाण्यापायी दोघी बहिणी पुन्हा तुटणार, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक काढायची सोडून झाकायला घेतली. म्हणालो, "आक्का, ते तुटकं नाही. टांकसाळीतून लाखात एखादं असं निघतं. आमच्या घरात त्याच्याइतकं मोलाचं काही नाही. संगीताने मुद्दाम तुमच्यासाठी काढलं. ते ताटातून घरंगळेल म्हणून मी नीट खाली दाबत होतो."

आक्काचे डोळे भरून आले. तिने नाण्याला हळदकुंकू लावलं आणि ते देवाच्या टाकांशेजारी कायमचं बसवलं. तेवढ्यात तिथून ते उचलून भाऊसाहेबांनी एकदा बघितलं, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने परत ठेवलं.

मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले. इकडे तिकडे बघून म्हणाले, "साडू, त्याला बर हाय."

"कशाला?"

"नान्याला. टांकसाळीत आदी कापत्यात, मंग ठसा मारत्यात, म्हंजे बर दबून जाती. ह्ये ठशानंतर कापलंय. जेवनाच्या सुट्टीत कुनीतरी प्रेसखाली धरलंय बगा."

तो अर्धचंद्र मी ओळखला. आमच्या ब्रॅकेटला भोक पाडणारा दोन नंबरच्या प्रेसचा पंच! दिवसाला हजार वेळा ज्या गोलाईवरून माझं नख फिरतं, तिला मी वर्षभर चिमट्याने उचलत होतो.

"हिला काय सांगनार न्हाई मी," भाऊसाहेब म्हणाले. "लई दिवसांनी हासलीय ती. बरं, आलाय तसं सांगून जा. चौकट कशी हाय आमची?"

मी वळून पाहिलं. चौकट अजूनही बोटभर कललेली होती.

"ओळंब्यात आहे," मी म्हणालो. "सुतासारखी सरळ."

घरी पोचेपर्यंत आक्काचा फोन येऊन गेला होता. संगीताने विचारलं, इतकं मोलाचं नाणं खरंच देऊन टाकलंत? मी नुसती मान हलवली. त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं. मी दोनदा मागून घेतली.

अकरा वर्षांत माझ्या हातून पास झालेला रिजेक्ट माल एवढा एकच. तो राहात्याला देव्हाऱ्यात आहे, आणि तिकडे गेलो की आक्का मला आधी त्याच्याच पाया पडायला लावते.