राख किती दिवसांनी काढायची?

शेजारचे काका कुठलीही वस्तू घेण्याआधी ती बोटांनी ठोकून बघत. रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनियर. टोस्टरसुद्धा ठोकूनच घेतलेला. आणि बोलताना दर वाक्याआधी "पॉइंट काय," हे ठरलेलं.

त्या हिवाळ्यात वादळामुळे इथे अमेरिकेत, आमच्या बॉथेल गावाची वीज चार दिवस गेली, हीटिंग बंद पडलं. काकांनी लाकडाचा स्टोव्ह घ्यायचं ठरवलं. ड्राइव्ह मी केलं.

दुकानात त्यांनी सेल्समनचं डोकं खाल्लं. राख किती दिवसांनी काढायची? दार एका हाताने उघडतं का? पंखा असलेलं मॉडेल त्यांनी बाजूला सारलं. "पॉइंट काय, बिघडणारं काही नको." प्रत्येक स्टोव्हचं दार मात्र काकूंना उघडायला लावलं. माणूस आळशी झालाय, असं मला वाटलं.

स्टोव्ह बसल्यावर त्यांनी चहाला बोलावलं. हवा कमी-जास्त करायच्या दांड्याजवळ मराठीत चिठ्ठी चिकटवली होती: 'झोपताना अर्धी बंद कर. पूर्ण नको.'

"काकूंना इंग्लिश येतं की," मी म्हटलं.

"पॉइंट काय, घाबरल्यावर येत नाही."

काकू स्टोव्ह पेटवायला बसल्या. काडी विझायची, धूर उलटा खोलीत यायचा. काकांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. मी मदतीला उठलो तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बस. पुढच्या हिवाळ्यात तिला एकटीलाच पेटवायचाय."

या वेळी 'पॉइंट काय' नव्हतं. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी आणखी एक काडी ओढली.