फुटीर वाडीच्या अध्यक्षांचा अंगठा

दुपारचे तीन वाजलेत. पोटात वांग्याचं भरीत आहे, डोक्यावर पंखा आहे आणि छातीवर विलीनीकरणाचा अर्ज आहे. मी झोपलोय की नाही, याबद्दल माझ्यात आणि पंख्यात मतभेद आहेत.

संध्याकाळी थोरल्या जांभळ्याचे सरपंच येणार. मी अर्जावर सही केली की कातळदरा प्रजासत्ताक संपलं. बेचाळीस घरांचं, अडतीस वर्षांचं. मी त्याचा दुसरा अध्यक्ष. निवड एकमताने झाली, कारण वाडीत प्रिंटर फक्त माझ्याकडे आहे.

पहिले अध्यक्ष केरूनाना दुधवडे, माझे चुलत आजोबा. सहा वर्षांपूर्वी वारले. आत्ता माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसून तंबाखू मळतायत.

"उम्या, सरक. राष्ट्राध्यक्षाला जागा दे."

"नाना, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. पण तिकडंबी पंचायत जांभळेकरांच्याच हातात हाय."

मी सरकतो तर खाटेची पिठाची गिरणी झालेली असते. गिरणी म्हणजे आमची संसद. अकरा वर्षं वाडीने नळ मागितला आणि अकरा वर्षं जांभळ्याच्या पंचायतीने 'पुढच्या सभेत बघू' असं लिहिलं. बाराव्या वर्षी नाना इथेच म्हणाले, आता आपली सभा वेगळी. मग बेचाळीस घरांनी डोंगरातल्या झऱ्यापासून चर खणला आणि पाणी दारात आणलं. परराष्ट्रमंत्री म्हणून नानांनी आपला बैल नेमला, कारण जांभळ्याच्या हद्दीत रोज जाणारा तो एकटाच होता.

आता जांभळ्याच्या विहिरी आटल्यात. विलीनीकरण झालं की झरा त्यांच्या पंचायतीचा.

"मग सही कशापायी करतूस?" नाना विचारतात.

"रस्ता देतो म्हणाले. आणि लोक हसतात, नाना. मुलगी बघायला गेलो तर तिचे वडील म्हणाले, पासपोर्ट आणलाय का?"

"आणला व्हतास?"

"नाही."

"मग चूक तुझीच. वाच तो अर्ज."

नानांना वाचता येत नव्हतं. मेल्यावरही शिकलेले दिसत नाहीत. मी वाचतो, "आम्ही, फुटीर वाडीचे रहिवासी, झालेली चूक कबूल करून..."

"थांब. फुटीर म्हंजी?"

"फुटून निघालेले. शिवी आहे ती."

गिरणीचा पट्टा फिरता फिरता पाण्याचा होतो. आम्ही चरात उभे आहोत, घोट्यापर्यंत गार. काठावर अख्खं जांभळे रिकामे हंडे घेऊन उभं आहे. काम सरकारी असल्यामुळे हंड्यांनी टाय घातलेत.

"पालवीचं काय हुतं?" नाना विचारतात.

"फुटते."

"झरा?"

"फुटतो."

"गाईला पान्हा?"

"फुटतो, नाना."

"मग शिवी कुठाय त्यात?"

"डोकंही फुटतं."

"ते सांगू नगंस. राजकारणात सगळंच सांगायचं नसतं."

"पण ती माणसं तहानलेली आहेत. दहा दिवसांनी एक टँकर येतो तिथं."

नाना हंड्यांकडे वळतात. तंबाखू मळणारा हात थांबतो.

"पाणी दे. आजच दे. त्यांनी आपल्याला कोरडं ठेवलं म्हणून आपुन एक दिसबी कुणाला ठेवायचं न्हाई. पण सही देऊ नगंस. पाणी मागाय आलेल्याला पाणी द्यावं. झरा देऊ नये."

एवढ्यात हंडे आपणहून चरात उतरतात, भरतात आणि ताशाच्या तालावर नाचत जांभळ्याकडे निघतात. परराष्ट्रमंत्री शेपटी वर करून सलामी घेतात. सगळ्यात मोठ्या हंड्यात नाना उभे, डोक्याला गुलालाने माखलेला फेटा. मिरवणूक माझ्यापाशी थांबते. नाना वाकून अंगठा पाण्यात बुडवतात आणि अर्जावर टेकवतात.

"नाना, सहीची जागा खाली आहे."

"सहीची जागा त्यांनी ठरवली. अंगठ्याची मी ठरवतो."

"अध्यक्ष हायेत का घरात?"

डोळे उघडतो तर दारात जांभळ्याचे सरपंच, वसंतअण्णा. तासभर लवकर आलेत, पेनाचं टोपण काढूनच.

"अण्णा, पेन ठेवा खिशात. पाणी आजच सोडतो. पाइप किती फूट लागेल ते सांगा."

अण्णा उंबऱ्यावरच बसतात. टोपी काढून तोंड पुसतात, जरा जास्तच वेळ.

"आन विलीनीकरण?"

"ते नाही."

"मग रस्ता मिळायचा न्हाई हं."

"पाइप हवेतून नेणार का? चर खणायला, पाइप आणायला ट्रॅक्टर वर यायलाच हवा. रस्ता तुम्हालाही लागणारच आहे."

अण्णा टोपी पुन्हा डोक्यावर चढवतात. "केरूनाना बरा व्हता रं तुझ्यापरीस," म्हणतात, आणि पाइपसाठी फोन लावतात.

मी अर्ज उचलतो. पंखा चालू आहे, एप्रिलची दुपार आहे आणि घरात कुणी पाण्याला हात लावलेला नाही. पहिल्या ओळीत एक ओला अंगठा उमटलाय, बरोबर 'फुटीर'वर. शाई चारी बाजूंनी पसरलीय, बारीक बारीक. शब्दाला मुळं फुटलीयत.