पत्र्याच्या चॅपलचं वळण

एनिड एंटविसल आवाज न करता बोलू शकते. तिच्या पिढीतल्या थॉर्नशॉ गावच्या सगळ्याच बायकांना ते यायचं. कापडगिरणीच्या साचेखात्यात एकदा साचे, म्हणजे कापड विणायचे माग, सुरू झाले की शेजारणीची हाकही ऐकू यायची नाही. मग ओठ मोठे करून, भुवया उडवून बोलायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा नवरा कुठल्या दारूच्या गुत्त्यात दिसला, सगळं खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनआवाजाचं जायचं. गिरण्या बंद पडल्या. बायकांचे कान गेले. ओठांची बोली तेवढी उरली.

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परतले आणि म्हाताऱ्या माणसांना दुपारचं गरम जेवण पोचवायच्या गाडीवर लागले. एनिडच्या घरी पहिल्या दिवशी डबा ठेवला, तेव्हा तिने माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, बटाटे आजही दगडासारखे असतील. काय शिकलीस गं एवढी?"

"कविता."

"बरं. मग ओठही शीक."

अशी आमची मैत्री झाली. ती ऐंशीच्या पुढची, मी तेवीसची. जेवण संपेपर्यंत मी बसायचे. ती समोरच्या खुर्चीतून बिनआवाजाची वाक्यं टाकायची आणि मी ओळखायचे. बहुतेक शेजाऱ्यांच्या चुगल्या असत. एका दुपारी तिने ओठांनीच सांगितलं, "क्लिफर्डला एक गोष्ट सांगायची राहिलीय. तो मरायच्या आत सांगायला हवी."

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. मी मोठ्याने विचारलं. तिने मान हलवली. मग आवाजात सगळं सांगितलं.

थॉर्नशॉ मोटारसायकल क्लब. रविवारी सकाळी गिरणीच्या फाटकाशी जमायचं आणि माळ ओलांडून कुठेतरी चहाला जायचं. एनिड तेव्हा एकोणीस वर्षांची होती. हिरवी बँटम मोटारसायकल तिने पगारातून हप्त्याने घेतली होती. आईने आठवडाभर अबोला धरला होता. घरात भावंडं इतकी की झोपतानाही कुणाचं तरी कोपर बरगडीत. सहा दिवस साचे, सातव्या दिवशी गाडी.

पंचवीस-तीस गाड्या एका रांगेत राहत नाहीत. त्यासाठी क्लबचा एक नियम होता. वळण आलं की म्होरक्याच्या मागचा गाडीवाला तिथे थांबायचा आणि हात करून मागच्यांना वाट दाखवायचा. त्याला म्हणायचे खुंटा. सगळ्यात शेवटी यायचा तो शेपूट. शेपूट दिसेपर्यंत खुंट्याने जागा सोडायची नाही. दिसला की त्याच्या पुढे गाडी घालायची. शेपटाच्या मागे कुणी राहता कामा नये, एवढंच शेपटाचं काम.

शेपूट होता क्लिफर्ड हॉवर्थ. गिरणीत जॉबर, म्हणजे बायकांचे बिघडलेले साचे दुरुस्त करणारा. त्याच्याकडे पँथर ही जड मोटारसायकल होती, तिला साइडकार. साइडकारमध्ये हत्यारं, दोर, चहाचा थर्मास आणि हॅमच्या सँडविचचा डबा. पँथरचं इंजिन इतकं सावकाश चालायचं की ठोके मोजता यायचे.

"दिसायला कसा होता?" मी विचारलं.

"उंच. कानाला ग्रीस लागलेलं." तिने थोडा विचार केला. "चांगला होता. पण तसं काही नव्हतं हं. तुम्हा पुस्तकवाल्यांना लगेच तसंच वाटतं."

जून महिन्यातला रविवार होता. माळावर पत्र्याचं छोटं प्रार्थनाघर आहे, त्या चॅपलपाशी रस्ता डावीकडे वळतो. एनिड तिथे खुंटा झाली. सगळ्या गाड्या गेल्या. शेपूट येईना. मागे कुणाची तरी चेन तुटली होती, त्याला परत घरी धाडण्यात क्लिफर्ड अडकला होता. तिने बँटम दगडी भिंतीच्या मागे सावलीत लावली आणि इंजिन बंद केलं.

ही गोष्ट ती नेहमी डोळे मिटून सांगते.

"आधी कानात साचे चालूच होते. गिरणीबाहेरही ते चालूच असायचे, झोपेतसुद्धा. तिथे उभी राहिले आणि एक साचा बंद झाला. मग दुसरा. मग त्या कोपऱ्यातला. सगळं खातं हळूहळू थांबलं. शेवटी एक पक्षी ऐकू आला. लांब वाकड्या चोचीचा, शीळ घालतो तो. आणि मग माझाच श्वास. मला वाटलं, हे कोण?"

माळभर कापूसगवत फुललं होतं. पांढरे गोंडे वाऱ्यावर एकाच बाजूला झुकत होते. सहा दिवस कापूस आणि सातव्या दिवशीही कापूस, ती म्हणते, पण हा कुणाच्याच मालकीचा नव्हता. तिने बूट काढले. मोजे काढले. शेवाळ गार होतं.

तेवढ्यात खालून पँथरचे ठोके ऐकू आले.

"मी काही ठरवलं नाही, पोरी. पाय आपोआप भिंतीमागे गेले. मी खाली बसले. तो आला. गाडी थांबली. ठोके चालू होते. मी तोंडावर हात धरला होता. मग तो पुढे गेला."

त्यानंतर तिला एक पूर्ण दुपार मिळाली. ती गवतात पडून राहिली. ढगांच्या सावल्या टेकडीवर चढत होत्या, उतरत होत्या. एक मेंढी येऊन बँटमचं चाक हुंगून गेली. एनिडने कुणाचा विचार केला नाही. झोपलीही नाही. तिला ती दुपार अजून तुकड्यातुकड्याने येते. कधी नळ सुरू असताना, कधी दवाखान्याच्या बाकावर. लग्न झालं, मुलगे झाले, नवरा गेला. आयुष्यात कुणी तिला शोधत नव्हतं अशी ती एकच वेळ, असं ती सांगते.

ऊन तिरपं झालं तेव्हा ती उतार उतरून पलीकडच्या गावात गेली. चहाच्या हॉलबाहेर क्लब गोळा झाला होता. काही जण तिला शोधायला निघत होते. तिच्या पाठोपाठ जरा वेळाने क्लिफर्ड आला. सगळे त्याच्यावर तुटून पडले. पोरगी टाकून कुठे गेला होतास? क्लिफर्ड म्हणाला, "रस्त्याकडेला डोळा लागला."

एनिड काही बोलली नाही. तिला वाटलं, हा आपल्याला शोधायला मागे गेला असणार आणि लाजेने सांगत नसणार.

क्लबने त्याच्याकडून शेपटाचं काम काढून घेतलं. मग विनोद सुरू झाला, तो कधी संपलाच नाही. क्लिफर्डच्या लग्नात, त्याला मुलगी झाली तेव्हा, तो निवृत्त झाला तेव्हा. दरवर्षी जुन्या मंडळींचं जेवण असतं. दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, क्लिफर्ड, जागा आहेस ना? एनिड दरवर्षी ठरवायची, आज सांगू. पण क्लिफर्डच्या कानांचे पडदे साच्यांनी आणि पँथरने मिळून खाल्ले होते. त्याला काही सांगायचं तर ओरडूनच सांगायला लागायचं, सगळ्या हॉलसमोर.

"ओठांनी सांगायचंस ना."

"त्याची बायको शेजारी बसायची. तीही साचेखात्यातलीच."

आता बायको नव्हती. आणि क्लिफर्डचा आवाजही नव्हता. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. वसंतातल्या जेवणाला मी एनिडला गाडीतून घेऊन गेले.

हॉलमध्ये पंधरा-वीस म्हातारी माणसं, भिंतीवर जुने फोटो, टेबलांवर पोर्कपाय आणि आल्याचा केक. क्लिफर्ड पलीकडच्या टोकाला होता. गळ्याला रुमाल. कान अजून मोठे दिसत होते. क्लबचा सध्याचा प्रमुख डग्लस चमचा वाजवून उभा राहिला.

"मित्रांनो, सगळे आलेत. क्लिफर्डने मोजलं नाही, म्हणून खात्रीने सांगतो."

हॉल हसला. क्लिफर्ड हसला. एनिडने पाय दोनदा जमिनीवर आपटला. साचेखात्यात लक्ष वेधायला असंच करायचे, फळ्या हादरायच्या. क्लिफर्डने मान वर केली.

मी तिच्याकडे तिरपी बसले होते. मला दोघांचे ओठ दिसत होते. मधे सगळी टेबलं बडबडत होती.

"त्या दिवशी मी भिंतीमागे होते," एनिड म्हणाली.

"माहीत आहे."

तिने पुन्हा सांगितलं, शब्द ताणून. "लपले होते. मुद्दाम."

"माहीत आहे, बये. तुझे बूट भिंतीवर होते."

एनिडचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"मग हाक का नाही मारलीस?"

क्लिफर्डने खांदे उडवले. "बूट काढून ठेवलेल्या माणसाला काय हाक मारायची?"

"आणि पुढे निघून गेलास."

"गेलो कुठे? उतारावर गोठा आहे ना, त्याच्यामागे थांबलो. सगळी सँडविचं खाल्ली. तू गेलीस, मग निघालो." तो थांबला. त्याला दम लागला होता, आवाज नसूनही. "शेपूट शेवटी जातं."

एनिड उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"क्लिफर्ड झोपला नव्हता!" ती ओरडली. "मी लपले होते! ऐकताय का सगळे? तो माझ्यासाठी थांबला होता!"

डग्लसने उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"एनिड, मनाची मोठी आहेस तू. पण झोपला होता गं तो."

इतके हसले सगळे. क्लिफर्ड सर्वांत जास्त हसत होता. त्याचे खांदे हलत होते आणि आवाज अजिबात नव्हता.

मला वाटलं होतं, परत येताना एनिड हलकी झाली असेल. ती गाडीत रागाने फुलली होती.

"म्हणजे मी एकटी नव्हतेच."

मी गिअर बदलला.

"एकच दुपार होती माझी. त्यातही हा बाबा खाली बसून हॅम सँडविच खात होता."

कितीतरी दिवस ती त्या माळाबद्दल बोलली नाही. ओठांचा खेळही बंद. डबा ठेवायचा, निघायचं. मग उन्हाळ्यात एकदा, मटार चिवडत, ती एकदम म्हणाली, "आता आठवायला गेलं की तो दिसतो. गोठ्यामागे. पाठमोरा. आधी हाकलून देत होते."

"आता?"

"आता बसू देते. त्याला वर काही दिसत नाही. डबा उघडतो, बंद करतो. बिचाऱ्याकडे वाचायलाही काही नव्हतं."

ऑक्टोबरात क्लिफर्ड गेला. त्याला माळापलीकडच्या गावात, बायकोशेजारी पुरायचं होतं. क्लबने गाड्या काढायचं ठरवलं. एनिडने बोलावलं म्हणून अंत्यसंस्काराचं बघणारा तरुण काळ्या कोटात तिच्या घरी आला होता. क्लिफर्डची मुलगीही होती. मी डबा घेऊन दारात उभी होते.

"शववाहिका पुढे असते, मॅडम. तशी पद्धत आहे."

"तो जन्मात कधी पुढे गेलाय का?"

"पण लोक मागे..."

"लोक पुढे. तो मागे. आणि पत्र्याच्या चॅपलपाशी मी उभी असेन. मला बघून गाडी थांबवायची. समजलं का रे?"

तरुणाने क्लिफर्डच्या मुलीकडे पाहिलं. ती नाक पुसत हसत होती. "थांबवा," ती म्हणाली. "नाहीतर बाबांना पुन्हा ऐकून घ्यावं लागेल."

त्या सकाळी धुकं होतं. मी गाडी भिंतीमागे लावली. कापूसगवत केव्हाच गळून गेलं होतं, माळ तपकिरी होता. एनिड भिंतीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिने हात लांब केला. तो खाली आला नाही.

धुक्यातून एकेक गाडी आली. चार-पाच जुन्या, बाकी नव्या. मग मोटारी. डग्लसने जाताना हेल्मेटला हात लावला. सगळे वळले आणि खाली गेले. त्यांचे आवाज विरले.

मग काहीच आलं नाही.

मला वाटलं, चालक वाट चुकला. मी काही बोलणार होते. एनिडने माझ्याकडे न बघता दुसरा हात वर केला. गप्प राहा. ती ऐकत होती. तिचे कान केव्हाच गेले आहेत, पण ती ऐकत होती. धुकं भिंतीवरून सावकाश वाहत होतं. मी भिंतीवर हात ठेवला. दगड ओला होता, शेवाळ गार होतं. एकोणीस वर्षांची एक मुलगी इथे अनवाणी बसली असेल, अगदी माझ्या पायाशी, तोंडावर हात धरून. मी खाली बघितलं नाही.

काळी गाडी आली. ती एनिडपाशी थांबली. एनिडची पाठ माझ्याकडे होती. ती काचेकडे तोंड करून बराच वेळ उभी होती. आवाज नव्हता. ती काही बोलली की नाही, मला वाचता आलं नाही.

मग ती वळली.

"चल, गाडी काढ. त्याच्या पुढे जायचंय आपल्याला."

आम्ही उतार उतरू लागलो. गोठा अजून आहे, छप्पर गेलंय. त्याच्यापाशी आल्यावर एनिडने मान वळवली नाही. ती समोर बघत होती.

"आरशात बघ," ती म्हणाली. "येतोय ना?"

मी पाहिलं. धुक्यात दोन दिवे होते.

"येतोय."