घमेलंभर गेरू

"लाल लागली का रे?"

वडनेरच्या शिवारात कुठेही विहीर खोदायला घेतली की एक काकू काठावर हजर. क्रेनने वर आणून ओतलेल्या ढिगाशी वाकायच्या, चिमूटभर माती तळहातावर अंगठ्याने चोळायच्या आणि खाली ओरडून विचारायच्या. लाल निघाली असेल तर मग जागच्या हलायच्या नाहीत. "पह्यले वर या. कडा बांधून घ्या, मंग उतरा."

खालून मजूर चिडवायचे, "आली पाहा, आपली लाल बत्ती!"

"हसा," त्या म्हणायच्या. "पण वर येऊन हसा."

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या विहिरीत तुम्ही डोकावला असाल तर तो थर तुम्हीही पाहिला असेल. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण, आणि दोन पाषाणांच्या मध्ये हातभर लाल पट्टा. बायका त्याला गेरू म्हणतात. दिवाळीत ओट्याला, भिंतीच्या पायथ्याला लावतात. काकूंच्या गल्लीत प्रत्येक घराला लाल पट्टा होता. काकूंचं एकच घर नुसतं चुन्याचं.

त्यांचा एकुलता मुलगा विहिरी खोदायचा. दिवाळीच्या तोंडावर घराच्या गेरूसाठी त्याने बांधापलीकडच्या अर्धवट विहिरीत तो लाल थर पहारीने खरवडला. घमेलं भरलं आणि वरचा पाषाण त्याच्यावर बसला; तो जिवंत वर आलाच नाही. गावाला हे काकूंनीच सांगितलं होतं. कोणी विचारो न विचारो, "मीच मागतला गेरू," म्हणायच्या.

माझं काम विहिरींची पाणीपातळी मोजायचं. आंजी गावच्या मजुराच्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही भूशास्त्राची, आणि हे मी न विचारताही सांगते. वर्षातून चार वेळा वडनेरला जायचे. काकूंच्या घरामागची विहीर आमच्या यादीत होती. मी टेप सोडायचे, आकडा लिहायचे, त्या चहा आणायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, येवढी शिकली तं सांग. माती दगडाच्या वर असते ना? मंग हे लाल माती दगडाखाली काऊन?"

असा प्रश्न मला कॉलेजमध्ये परीक्षकानेही विचारला नव्हता. मी खुलले. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठाले तुकडे आहेत, आणि ते खालच्या तापलेल्या थरावरून सरकतात, हे सांगितलं. आपला तुकडा दूर दक्षिणेत होता. सरकता सरकता एका फार तापलेल्या जागेवर आला, जमीन फाटली, लाव्हा पसरला, थिजून पाषाण झाला. मग कितीतरी काळ शांत गेला. पाषाण झिजून माती झाली. पुन्हा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली.

"भाकरीसारखी?"

"विटेसारखी. पण कच्ची. पाणी मुरलं की फुगते, सुटते."

"अन् आता? आता बी सरकून राह्यली का जमीन?"

"हो. वर्षाला दोनतीन बोटं, उत्तरेकडे."

"समुद्रपूर बी?"

"सगळंच, काकू. वडनेर, समुद्रपूर, सगळं एकसाथ."

"म्हंजे अंतर तेवढंच राह्यते," त्या म्हणाल्या.

मी हसले. तेव्हा मला तो विनोद वाटला.

पुढच्या खेपेला त्यांनी चहा आणला आणि उभ्याच राहिल्या. "मले एक कागद लिहून दे. शिक्क्याचा. का घमेलंभर मातीनं येवढा दगड पडत नाई म्हणून."

"काकू, तुम्ही स्वतःला किती दिवस..."

"माह्यासाठी नोय वो." त्यांनी आवाज खाली आणला. "गेरू सुनेनं मागतला होता. मी गावात माह्यं नाव सांगतलं. लोक तिले जगू देत नसते. पण तिले तं ठाऊक हाय ना मी खोटं बोलली. माह्या तोंडाकडे पाहू शकत नाई ते. म्हणून समुद्रपूरले माहेरी जाऊन बसली. माह्यं आयकत नाई. तुह्या कागदाचं आयकन."

आणि मी काय केलं? ज्या शिक्षणाचा एवढा अभिमान, तेच पुढे केलं. "न पाहिलेल्या विहिरीबद्दल मी लिहू शकत नाही, काकू. ती तर बुजवली. पाहू पुढच्या वेळी."

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "शिकल्या मानसाले नियम असते."

पुढच्या वेळी मी घाईत होते. त्याच्या पुढच्या वेळीही. त्यांनी दोन्हीदा चहा दिला, कागदाचं नाव काढलं नाही.

नंतर गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, आठ दिवसांच्या तापात गेल्या. सून आली होती, दाराशी मागे बसली, आणि त्याच दिवसाच्या एसटीने परत गेली.

त्या दिवशी मी टेप सोडलाच नाही. आरशाने ऊन विहिरीत पाडलं आणि भिंत पाहिली. लाल थर पाझराने फुगलेला, पापुद्रे सुटलेले, वरचा पाषाण भेगांनी तुकडे तुकडे होऊन त्यावर टेकलेला. बुजवलेली विहीर बांधापलीकडे, पन्नास पावलांवर. जमीन सपाट, खोली तीच, थर तोच. कडा न बांधलेल्या विहिरीत असा पाषाण आज ना उद्या बसणारच होता. घमेलंभर माती काढा, नाहीतर काढू नका. चार वर्षं मी त्या भिंतीसमोरून टेप सोडत होते आणि फक्त पाणी पाहत होते.

पाहून लिहायला अर्धा तास लागला.

कागद घेऊन मी समुद्रपूरला गेले. सून शिलाई मशीनवर होती. मी कोण ते सांगितलं, काकूंनी हा मागितला होता म्हणाले. तिने मशीन थांबवलं. ओळीखाली बोट धरून वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बोट माझ्या सहीपर्यंत आलं आणि तिथल्या तारखेवर थांबलं.

मग ती कागदाची घडी घालत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आत्याबाईले वाचता येत नोतं. मी वाचून दाखोला असता."