मामाजींच्या रेडिओची पूजा

खोटं बोलायला मी लग्नानंतर शिकले, आणि चांगली शिकले. पहिलं मोठं खोटं दसऱ्याच्या दिवशी, अमरावतीला, सासऱ्यांच्या तोंडावर बोलले. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, रेडिओ आमच्या आळीतला एकुलता एक. त्याचं बटण फिरवायचा हक्क फक्त त्यांचा. तो सुरू झाला की आतले काचेचे व्हॉल्व्ह लालसर तापत आणि मग समोरचा हिरवा डोळा उघडे. त्या दिवशी साडेबाराला त्यावर आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूचं, गाणं लागणार होतं. उन्हाळ्यात त्या नांदगाव खंडेश्वरकडे माहेरी गेल्या असताना रेडिओची माणसं गावात आली आणि बायकांच्या जात्यावरच्या ओव्या यंत्रात भरून घेऊन गेली. आत्याबाईंनी स्वतःचा आवाज जन्मात ऐकला नव्हता, आणि कार्यक्रम एकदाच लागणार होता. सकाळी पुरण खाली लागलं तरी त्यांना कळलं नाही.

बाराला मामाजींनी बटण फिरवलं. काही नाही. हिरवा डोळा मिटलेला, काट्यामागचा दिवाही बंद. घरातली वीज तर होती. त्यांनी पेटीला थापट्या मारल्या, एरियलची तार ओढून पाहिली, अंगणात जाऊन अर्थिंगची तार पुरलेल्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं.

"परवा तं चांगला बोलत होता. आज काऊन मुका झाला?"

"तुमच्या धाकानं झाला असन," आत्याबाई म्हणाल्या. पण आवाज रडवेला होता.

मला दोष माहीत होता. माझ्या वडिलांचं अकोल्याला रेडिओदुरुस्तीचं दुकान. व्हॉल्व्हच्या पिना पुसतच मी मोठी झाले. आदल्या दिवशी खंडेनवमी. मामाजींनी कुदळ, विळा, शिवणयंत्र यांच्याबरोबर रेडिओही पुजला होता. पूजा अर्धवट नको म्हणून त्याची पाठ उघडून एकेक व्हॉल्व्ह उपसला, बुडाला ओलं हळदकुंकू लावलं आणि जागच्या जागी बसवला. या जातीच्या रेडिओत वीज एका व्हॉल्व्हमधून दुसऱ्यात, अशी ओळीनं जाते. एकाची पिन अडली की सगळेच विझतात. इथे तर पाचांच्या पिना माखल्या होत्या.

पण तुमच्या पूजेनंच रेडिओ बंद पडला, हे त्यांना सांगणार कोण? आणि नव्या सुनेनं रेडिओ उघडायचा, हे तर त्याहून वाईट. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मामाजी," मी पदर सावरून म्हणाले, "यंत्राची पूजा हलवली का?"

"म्हंजे?"

"आमच्या अकोल्याले दसऱ्याले पूजा हलवतात. आधी प्लग काढाचा. मंग घरच्या सुनेनं कोरड्या फडक्यानं एकेक व्हॉल्व्ह पुसाचा. तोवर यंत्र पूजेले बसलेलं राह्यते. ते बोलन कसं?"

असली रीत अकोल्यात नव्हती आणि जगात कुठेही नव्हती. मामाजींचा चेहरा पडला. "हे आमाले कोनी सांगतलंच नाही," असं म्हणून त्यांनी स्वतः प्लग काढला, पाठ उघडली आणि बाजूला झाले.

फडक्याआड सेफ्टी पिन धरून मी व्हॉल्व्हच्या पिनांवरची हळद खरवडली, त्या बसतात त्या खाचांतलं वाळलेलं कुंकू उकरून काढलं. मंत्र वाटावा म्हणून मधूनमधून ओठ हलवत होते. मामाजी हात जोडून उभे. पुढे दर दसऱ्याला ते मला हाक मारून पूजा हलवायला लावत, आणि मीही इमानदारीनं ओठ हलवत असे.

साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी बटण फिरवलं. व्हॉल्व्ह सावकाश लाल झाले, डोळा उघडला. निवेदकाच्या मागोमाग जात्याची घरघर आली, आणि मग एका बाईचा आवाज, एकटा, जाडसर, गोड.

आत्याबाई पदराला हात पुसत मान वाकडी करून ऐकत होत्या.

"आमच्या गावची कोन होय वं ही?" त्यांनी मला विचारलं. "माहीच ओवी म्हणून राहिली. पन गळा लय चांगला हाय बाईचा."

मामाजी रेडिओकडेच पाहत म्हणाले, "तूच होय थे."

आत्याबाई सरकून रेडिओसमोर बसल्या. तीस वर्षं त्या या घरात दळता-कांडता गात आल्या होत्या, आणि त्यांच्या गळ्याला कधी कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं, ते त्यांनीच.